नाकतोडा परत बांधता येत नाही : 'शॉर्ट सर्किट' (१९८६) च्या आठवणी आणि रिमेककडून अपेक्षा

वाइंडिंगचा_भाचा (अंबाजोगाई)

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढतोय.

१९९१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लातूरला मामाकडे होतो. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. एप्रिल-मे म्हणजे त्या धंद्याचा ऐन हंगाम. विहिरी तळाला गेलेल्या, व्होल्टेज पडलेलं, आणि उसाला पाणी तर द्यायलाच हवं. दाब कमी असला की मोटार ओढत राहते, करंट वाढतो, वाइंडिंग जळतं. दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग लागायची. आम्हा पोरांकडं दोन कामं होती : स्लॉटमधली जळकी तार उपसून काढायची, आणि नवी तार बसल्यावर वर ठोकायला बांबूच्या पट्ट्या तासायच्या. वार्निशचा वास हाताला इतका बसायचा की जेवतानाही यायचा.

मामाला पिक्चरचा नाद. महिन्यातून एकदा तो एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्यानं आणायचा. टीव्ही अंगणात खाटेवर, गल्ली सगळी पुढं. दोन कॅसेट हिंदी ठरलेल्या. त्या रात्री तिसरी त्यानं स्वतः निवडली, कारण तिच्यावर नाव होतं 'शॉर्ट सर्किट'. त्याला वाटलं, आपल्या धंद्यातलं काहीतरी असेल.

इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. मामा आयटीआय झालेला, त्याला अर्धमुर्धं कळायचं. तो पुढं बसून मोठ्यानं सांगत होता आणि अख्खी गल्ली ऐकत होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हा नावाच्या प्रयोगशाळेत सैन्यासाठी पाच यंत्रमानव बनवलेले असतात, खांद्यावर लेझर असलेले, अणुबॉम्ब वाहून न्यायला. वीज पडते, चार्जिंगला लावलेल्या पाच नंबरात तिचा झटका शिरतो आणि तो नियंत्रणातून सुटतो. भटकत भटकत स्टेफनी नावाच्या बाईकडं पोचतो. ती खाण्याची गाडी चालवते आणि घरात नाना तऱ्हेची जनावरं पाळते. हा परग्रहावरून आलाय असं समजून ती त्याला घरात घेते. त्याला एकच भूक : 'इनपुट'. ज्ञानकोशाचे खंडच्या खंड तो पानं फर्रर्र उलटत वाचून टाकतो.

मग तो प्रसंग येतो. बाहेर हिरवळीवर त्याला नाकतोडा दिसतो. तो उड्या मारतो म्हणून हाही त्याच्यासारख्या उड्या मारायला लागतो, आणि त्याच्याखाली नाकतोडा चिरडला जातो. पाच नंबरला कळत नाही तो हलत का नाही. तो स्टेफनीला म्हणतो, परत जोड याला. ती सांगते, नाही जोडता येत, मेला तो. मेलं की कायमचं मेलं.

मामानं हे कसं सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. 'डिसअसेंबल' हा शब्द त्यानं दुकानातला घेतला : खोलणे. आपण मोटार खोलतो, पंप खोलतो, तसं. आणि परत जोडणे म्हणजे बांधणे. इंजिन बांधलं, मोटार बांधली, तसं.

"ते म्हणायलंय, याला परत बांध. ती म्हणायली, मोटार हाय का बांधायला? मेलंय ते."

आणि लगेच पाच नंबरच्या डोक्यात पुढचं येतं. नोव्हावाले मला पकडून खोलणार आहेत. नाकतोडा चिरडला म्हणजे मेला. मग मला खोललं म्हणजे...

"खोललं की मेलं, असं म्हणायलंय ते."

घाबरून तो स्टेफनीची गाडी घेऊन सुसाट पळतो. दुसऱ्या दिवशी दुकानात तार उपसताना माझा हात थांबला होता. मामाला विचारलं, "मोटारीला कळत असंल का आपण खोलायलो ते?" मामा हसला नाही. म्हणाला, "आपण तर बांधून देतो नं परत."

आता रिमेकबद्दल. २००८ साली डायमेन्शन फिल्म्सनं हक्क घेतले. २००९ मध्ये एका दिग्दर्शकाचं नाव आलं, २०११ मध्ये दुसऱ्याचं. काहीच झालं नाही. मग नोव्हेंबर २०२० मध्ये स्पायग्लास या पिक्चर कंपनीनं नव्यानं घोषणा केली, लॅटिनो कुटुंबाभोवतीच्या कथेची. तोही अजून पडद्यावर आलेला नाही. यंत्र बोलायला लागलेल्या आजच्या काळात हा पिक्चर पुन्हा होणारच असं माझं मन सांगतं. त्यात काय असावं, काय नसावं? माझी मागणी एकच : बाकी काहीही बदला, नाकतोडा ठेवा.

गोदाकाठ (नांदेड)

काय धागा काढलास राव! मी केबलवर पाहिला, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपास. पुढं विष्णुपुरीला इंजिनीअरिंगला असताना हॉस्टेलवर किमान दहा वेळा.

माझी मागणी वेगळी आहे. रिमेकमध्ये यंत्रमानव खरा हवा. संगणकावर काढलेला नको.

मूळ पिक्चरमधला पाच नंबर सिड मीड यांनी रेखाटला. 'ब्लेड रनर' आणि 'ट्रॉन'च्या रेखाटनांमागचेही तेच. प्रत्यक्ष घडवला एरिक अलार्ड आणि त्यांच्या चमूनं. वेगवेगळ्या प्रसंगांसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या, आणि पिक्चरमधली सगळ्यात महाग गोष्ट तीच. हात चालवायची पद्धत तर बघण्यासारखी होती. कळसूत्रीवाला अंगावर एक सांगाडा चढवायचा, त्याला सेन्सर लावलेले. त्यानं हात उचलला की यंत्राचा हात उचलला जायचा, बोटसुद्धा वेगळं हलवता यायचं. आवाज टिम ब्लेनी यांचा, आणि तो बहुतेक ठिकाणी सेटवरच, त्याच वेळी दिलेला. म्हणजे स्टेफनी झालेली अॅली शीडी समोर बघून बोलते तेव्हा तिला खरंच उत्तर मिळत असतं. तिच्या डोळ्यांत ते दिसतं. हिरव्या पडद्यापुढं टेनिसच्या चेंडूकडं बघून ते येत नाही.

त्याच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या आठवा. भुवया म्हणा किंवा पापण्या. दोन पत्र्यांच्या तुकड्यांवर घाबरणं, लाजणं, हट्ट, सगळं. कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही दोन सर्व्हो मोटारी लावून तशा भुवया केल्या होत्या. बाकी यंत्र धड चाललं नाही, पण भुवया वर गेल्या की बघणारा हसायचाच. पुढं २००८ ला 'वॉल-ई' आला. त्याचे डोळे पाहून मला आधी पाच नंबरच आठवला.

काळीमाती (गेवराई)

नाकतोडा ठेवा. +१

फेजवाला (परभणी)

नमस्कार. मी निवृत्त लाइनमन. नातवानं हा धागा वाचून दाखवला, म्हणून लिहितोय.

पिक्चर मी पाहिलेला आहे. आमच्या क्वार्टरमध्ये मुलांनी लावला होता. विजेचा प्रसंग मात्र मला तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. आमच्या भागात वीज पडणं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात रानात माणसं जातात, झाडाखाली बांधलेली बैलजोडी जाते. पडणाऱ्या विजेत साधारण तीस हजार अँपिअर करंट असतो, तोही सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता. तारेवर पडली तर तिचा झटका पुढं पळत घरात शिरतो. टीव्ही, स्टार्टर, मीटर, समोर येईल ते फोडतो. मी आयुष्यभर जे बघितलं ते काळे पडलेले कार्ड आणि फुगलेले कपॅसिटर. जिवंत झालेलं काही बघितलं नाही.

म्हणून माझी रिमेकवाल्यांना विनंती : विजेला चमत्कार म्हणून दाखवू नका. लेकरं बघतात. निदान कुठंतरी अर्थिंगचा उल्लेख करा. कोळसा-मिठाचा खड्डा, वर दोन बादल्या पाणी, एवढं शेतकऱ्यानं केलं तरी पुष्कळ वाचतं. आणि पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलेलं 'दामिनी' अॅप सगळ्यांनी मोबाइलमध्ये घ्या. आपल्या आसपास वीज पडणार असेल तर ते आधी इशारा देतं.

पण एक कबूल करतो. नाकतोड्याच्या प्रसंगाला माझी मंडळी रडली होती. मामांनी 'खोलणे' हा शब्द वापरला तो बरोबरच. आम्हीसुद्धा ट्रान्सफॉर्मर खोलतो असंच म्हणतो.

वाइंडिंगचा_भाचा

फेजवाला काका, तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. विजेबद्दल तुमचं सोळा आणे खरं. मामाही तेव्हा हेच म्हणाला होता, "झटका बसला तर बोर्डच जाईल." तरी पुढं बघत राहिला.

गुलमंडी_कट्टा (छत्रपती संभाजीनगर)

सगळे नाकतोड्यावर बोलताय, मला बेनवर बोलायचंय.

पाच नंबर बनवणाऱ्या क्रॉस्बीचा तो भारतीय सहकारी, बेन. लहानपणी पाहिला तेव्हा आम्ही खूश होतो, चला, इंग्रजी पिक्चरमध्ये आपला माणूस आहे आणि तोही शास्त्रज्ञ! खूप वर्षांनी कळलं की ते काम फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या अमेरिकी नटानं केलंय. चेहरा गडद रंगवून, आवाज मुद्दाम वेडावाकडा काढून. पहिल्या भागात त्याचं आडनाव जबितुया, दुसऱ्यात जाहर्वी. ही आडनावं भारतात कुठल्या गावात असतात?

मी दोन हजार चारच्या सुमारास दीड वर्ष अमेरिकेत कामाला होतो. तिथं ऑफिसातला एक जण रोज सकाळी त्याच आवाजात मला 'गुड मॉर्निंग' म्हणायचा. त्याला ते मैत्रीचं वाटायचं. मी हसून सोडून द्यायचो आणि जागेवर जाऊन बसल्यावर कान गरम झालेले असायचे. मी तेव्हा उत्तर दिलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. २०१५ मध्ये भारतीय वंशाचा अमेरिकी विनोदी नट अझीझ अन्सारीनं यावर जाहीर लिहिलं, स्टीव्हन्स यांच्याशी थेट बोललाही. ते वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आपलं बोललं.

गंमत बघा, त्याच पिक्चरमध्ये एक चांगला संवाद आहे. क्रॉस्बी विचारतो, तू मूळचा कुठला? बेन म्हणतो, बेकर्सफील्डचा. तसं नाही, तुझे पूर्वज? ते होय, पिट्सबर्गचे. म्हणजे लिहिणाऱ्याला कळत होतं की हा प्रश्न किती बिनडोक आहे. आणि तरीही तोंडाला रंग फासलाच.

रिमेकमध्ये बेन असेल तर तो भारतीय नटानं करावा, आणि तो हुशार दाखवावा. माझी मागणी एवढीच. जमलं तर तो परभणीच्या कृषी विद्यापीठातून गेलेला दाखवा. :)

रेणापूर_नाका (लातूर)

माझं मत विरोधात आहे, रागावू नका. रिमेक करूच नये.

आपण ज्या गोष्टीसाठी हळहळतोय ती पिक्चरमध्ये अर्धीच आहे. उरलेली अर्धी अंगणातल्या खाटेवर, भाड्याच्या व्हीसीआरमध्ये आणि मामाच्या आवाजात आहे. मध्येच पट्टे यायचे, मग कुणीतरी स्पिरिट लावून हेड पुसायचं. लाइट गेली की सगळे तिथंच आडवे व्हायचे आणि आली की कॅसेट मागं घ्यायची. ते कुठला स्टुडिओ परत आणणार? रजनीकांतचा 'रोबोट' २०१० ला मी थिएटरात पाहिला, मजा आली, पण घरी येऊन झोप उडाली असं झालं नाही. त्यातला यंत्रमानव बिघडून माणसं मारायला लागतो. पाच नंबरचं उलटं आहे. तो मारायलाच बनवलेला असतो आणि मारायचं सोडतो. आजचा निर्माता हे उलटं टिकवेल याचा मला भरवसा नाही. शेवटच्या अर्ध्या तासात शंभर यंत्रं एकमेकांवर आपटतील.

आणि खरं सांगू? मला दुसरा भाग, १९८८ चा, जास्त लागतो. न्यूयॉर्कमध्ये चोरटे त्याला फसवतात आणि शेवटी कुऱ्हाडीनं फोडतात. त्याच्या बॅटरीतलं पाणी रस्त्यावर सांडत जातं आणि तो सरपटत जातो. मी आठवीत होतो. पुढं बेनचा धंद्यातला भागीदार फ्रेड त्याला दुकानात नेऊन, त्याच्याच सांगण्यावरून कसाबसा दुरुस्त करतो. तिथं 'परत बांधणं' जमतं. शेवटी सोन्याचा मुलामा लावून, शपथ घेऊन अमेरिकेचा नागरिक होतो. पहिल्या भागात जो प्रश्न पडला त्याचं उत्तर दुसऱ्यात आहे असं मला वाटतं.

गोदाकाठ

दुसऱ्या भागाचा मुद्दा मान्य, पण उत्तर मिळतं म्हणूनच मला तो कमी लागतो. नाकतोड्याला उत्तर नाही.

रिमेकला नको म्हणू नका. आत्ता जे लेकरू दहा वर्षांचं आहे त्याच्यासाठी कुणीतरी हा प्रश्न परत विचारायला हवा ना? आमच्या घरी मुलगी मोबाइलशी बोलते, तो उत्तर देतो, ती त्याला 'थँक यू' म्हणते. परवा तिनं विचारलं, "बाबा, मोबाइल फॉरमॅट केला तर याला दुखतं का?" मी काय सांगू? पाच नंबर जिवंत आहे की नाही हे क्रॉस्बी कसं तपासतो आठवा. कागदावर टोमॅटोचं सूप सांडतो, कागद घडी करून उघडतो आणि विचारतो, काय दिसतं? पाच नंबर आधी यंत्रासारखं सांगतो : लाकडाचा लगदा, टोमॅटो, पाणी, मीठ. मग थांबतो आणि म्हणतो, फुलपाखरासारखं दिसतंय. पक्ष्यासारखं. पानासारखं. आज ही चाचणी कुठलंही यंत्र पास होईल. मग रिमेकमध्ये क्रॉस्बी काय विचारेल? लिहिणाऱ्याची कसोटी तिथंच आहे.

काळीमाती

विनोद विचारेल. पिक्चरमध्ये शेवटी विनोदावरच तर ठरतं. पैसे वर फेकून देव काय ठेवून घेतो त्याचा विनोद. पाच नंबर आधी गप्प बसतो आणि मग फुटून हसतो. सांगून हसणं वेगळं, आणि आपोआप हसू फुटणं वेगळं.

वाइंडिंगचा_भाचा

त्या विनोदाची आठवण सांगतो. मूळ पिक्चरमध्ये तीन धर्मांचे तीन धर्मगुरू आहेत आणि दानाच्या पैशाची वाटणी कशी करायची यावर प्रत्येकाची युक्ती. मामाला ते सगळं पकडता आलं नाही. त्यानं एकच गुरव ठेवला. गुरव म्हणतो, मी पैसे वर फेकतो, देवाला जेवढे पाहिजेत तेवढे देव वर ठेवून घेईल, खाली पडतील ते माझे. गल्ली हसली, आणि त्याच क्षणाला पडद्यावर पाच नंबर हसला. आम्हाला वाटलं तो मामाच्याच विनोदाला हसला.

माळवद (उमरगा)

मी इथं सहसा वाचते, लिहीत नाही.

मी हा पिक्चर १९९३ च्या गणपतीत पाहिला. आमच्या आजोळी, किल्लारीच्या जवळचं गाव. मंडळानं टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. मी आठ वर्षांची, मामेभाऊ सहा वर्षांचा. त्याला तो यंत्रमानव इतका आवडला की दोन दिवस मान तिरकी करून 'इनपुट, इनपुट' करत फिरत होता. आजीनं पिठलं वाढलं तरी 'इनपुट'.

नंतर मी आईबरोबर परत उमरग्याला आले. २९ सप्टेंबरला विसर्जन झालं. ३० तारखेच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. आजोळचं घर दगड-मातीच्या रुंद भिंतींचं, वर माळवद. त्या घरांचा उन्हाळ्यात गारवा असायचा. माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढायचा, त्याचं वजन किती झालंय ते कुणी मोजलेलं नव्हतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात त्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली चार. त्यात तो होता.

मला कुणी नीट सांगितलं नाही. मोठी माणसं 'देवाघरी गेला' म्हणत होती आणि मी रोज विचारत होते, परत कधी येणार. काही वर्षांनी केबलवर हा पिक्चर लागला. नाकतोड्याचा प्रसंग आला, ती बाई म्हणाली मेलं की कायमचं मेलं. मी उठून आत गेले. आईला म्हटलं, तो येणार नाही ना. आई नाही म्हणाली. तिनं मला जवळ घेतलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा त्याच्यासाठी एकत्र रडलो.

आजोळ नंतर दुसऱ्या जागेवर वसलं. आधी पत्र्याचे शेड, मग सिमेंटची घरं, सरळ रस्ते. गाव परत बांधता आलं.

रिमेकवाले तो प्रसंग लहान मुलांना जड जाईल म्हणून काढून टाकतील, अशी भीती वाटते. काढू नये. मला तो आठव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवा होता.

फेजवाला

ताई, वाचलं. त्या आठवड्यात मी औशाच्या बाजूला तारा ओढायला गेलो होतो. जास्त लिहीत नाही.

गोदाकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार.

रेणापूर_नाका

माझा विरोध मागं घेतो. करा रिमेक. हा प्रसंग जसाच्या तसा घेऊन करा.

वाइंडिंगचा_भाचा

माळवद ताई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. लगेच काही लिहिता आलं नाही.

चार दिवसांनी लिहितोय ते यासाठी की एक ठरवलंय. रिमेक होईल तेव्हा होईल. माझ्याकडं मूळ पिक्चरची डीव्हीडी आहे. तिच्यासाठी मी मराठी सबटायटल लिहायला घेतलीत. मामाची नात आता नऊ वर्षांची आहे. तिला रविवारी दाखवायचा आहे. काही ठिकाणी अडलोय.

'डिसअसेंबल'ला पुस्तकी शब्द सापडतात : 'विघटन', 'सुटे भाग करणे'. पण मी 'खोलणे'च ठेवतोय.

दुसरी अडचण. पाच नंबर दुसऱ्या यंत्रमानवाला चिडवतो, 'ए लेझर-ओठ्या, तुझी आई बर्फ उडवायचं यंत्र होती!' आपल्याकडं बर्फ कुठला? काय लिहू?

काळीमाती

'लेझरतोंड्या, तुझी माय मळणीयंत्र होती!'

रेणापूर_नाका

मळणीयंत्र कोण म्हणतं? हडंबा लिही, हडंबा.

गुलमंडी_कट्टा

हडंबा! ठरलं. आणि बेनच्या संवादांना कृपया साधं, स्वच्छ मराठी दे. तोंड वेडंवाकडं करून बोलल्यासारखं नको.

वाइंडिंगचा_भाचा

बेनचं लक्षात ठेवलं होतं, तसंच केलं.

काल रविवार झाला, त्याचा वृत्तांत.

मामा आता पंचाहत्तरीला आलाय. दुकानात रोज तासभर बसतो, पण बारीक तार दिसत नाही म्हणून स्लॉटला हात लावत नाही. टीव्हीवरची अक्षरंही दिसत नाहीत. त्यामुळं झालं असं की नात खाली बसून सबटायटल मोठ्यानं वाचत होती आणि मामा खुर्चीत बसून ऐकत होता. सुरुवातीला तिला अक्षरांचा वेग जमेना, मग जमला. हडंब्याला मामा खुर्चीत पुढं झुकून इतका हसला की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली.

नाकतोडा आला तेव्हा ती वाचत होती, "परत बांध याला." पुढची ओळ तिनं मनात वाचली, मोठ्यानं वाचली नाही. मामानं थोडा वेळ वाट बघितली आणि विचारलं, "काय म्हणायली ती?"

ती म्हणाली, "नाही बांधता येत म्हणायली, आबा."

"म्हायत हाय," मामा म्हणाला. मग तिला वर खुर्चीपाशी बोलावून घेतलं, आणि पुढचा पिक्चर तिनं त्याच्या गुडघ्याला टेकून वाचला.

मधल्या भागात अक्षरं आवाजाच्या दोन सेकंद मागं पडतात, ते या आठवड्यात नीट करतो. माळवद ताई, नाकतोड्याची ओळ 'मेलं की कायमचं मेलं' अशीच ठेवली आहे. गोदाकाठ, तुझ्या मुलीसाठी फाईल हवी असेल तर निरोप टाक.

गोदाकाठ

टाकलाय. नांदेडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दाखवतो, पडदा आहे आमच्याकडं.

माळवद

मलाही पाठवा.